खोटे डांगर

यंदाच्या आखाजीला माझ्या धाकट्या भावाने आईच्या घागरीवर खोटे डांगर ठेवले, आणि त्यापायी मी त्याच्याशी पावणेदोन महिने बोललो नाही. भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, मी जळगावात. एका वाड्यात राहणाऱ्या भावांना न बोलणे जड जाते; विहिरीवर, ओसरीवर, निदान जेवताना तरी तोंड दाखवावेच लागते. आम्हांला ती अडचण नव्हती. मी फोन उचलला नाही की झाले. अबोला इतका सोपा झालेला पाहून मला त्या दिवसांतही अधूनमधून भीती वाटे. पण राग मोठा होता आणि तो न्याय्य आहे अशी माझी खात्री होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्यामुंबईकडे तो साडेतीन मुहूर्तांतला एक, सोने घेण्याचा दिवस. आमच्याकडे ती दिवाळीच्या तोलाची. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, पुरुषमाणसे उघड्यावर पत्ते कुटतात, सालदाराचे साल या दिवशी संपते आणि नवे ठरते. परंतु या साऱ्या गमतीआधी घागर भरायची असते. कुंभाराकडची नवी घागर, तिच्यात पाणी, तिच्या तोंडावर मातीचे लहान भांडे, त्यावर डांगर, आंबे, सांजोऱ्या. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायचे आणि पुरणपोळीचा, आमरसाचा घास विस्तवावर टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. वैशाखाच्या उन्हात आपली गेलेली माणसे तहानलेली असतील, ही यामागची समजूत. आमच्या सर्व धर्मविधींत मला हा विधी अधिक शहाणा वाटत आला आहे. कारण त्यात मागणे काही नाही, फक्त पाणी द्यायचे आहे.

आता डांगर. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्यात टरबुजे आणि डांगरे ही जोडीनेच बाजारात येतात. पण महाराष्ट्रात इतरत्र कितीतरी ठिकाणी डांगर म्हणजे तांबडा भोपळा, ज्याला आम्ही गंगाफळ म्हणतो. एकाच शब्दाने दोन फळे ओळखली जातात, एक गोड आणि एक भाजीचे. या गोंधळाचा पुढच्या हकिकतीशी संबंध आहे, म्हणून सांगितले.

आई पौषात गेली. त्यामुळे यंदाची आखाजी तिच्या घागरीची पहिली आखाजी. वेगळी चूल झाली की घागरही वेगळी, या न्यायाने मी इकडे भरली, भावाने तिकडे. आमच्या घरचे सर्व दुपारी उरकले. रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या सकाळी अकराला, भावाने मोबाइलवर आपली पूजा दाखवली. चौरंगावर तांब्याचा कलश होता. घागर तिकडे कोठून मिळणार? ते मी समजून घेतले. आंब्यांच्या जागी दुकानातले काहीतरी आंब्यासारखे होते. तेही समजून घेतले. कलशावर मात्र एक नारिंगी गोळा होता, लहान मुलाच्या डोक्याएवढा. त्यावर डाळीचे दाणे ओळीने चिकटवले होते, मधोमध कुंकू होते, आणि एका बाजूस मण्यांची चांगली मोठी नथ लोंबत होती.

"हे काय आहे?" मी विचारले.

"डांगर," भाऊ म्हणाला.

"थर्माकोलचे?"

"तसलेच काहीतरी. छोटीने केलंय. ऑक्टोबरात तिकडे..."

मी पुढचे ऐकले नाही. ऑक्टोबर म्हटल्याबरोबर मला उलगडा झाला. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सण करतात, पोरे सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात आणि प्रत्येक पायरीवर भोपळा मांडलेला असतो, हे मला चित्रपटांवरून ठाऊक होते. खरा भोपळा कोरणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हलक्या फेसाचे तयार भोपळे दुकानांत मिळतात. मुले त्यांवर रंग, टिकल्या, लोकर, चकचकीत कागद चिकटवतात. तसले एक उरलेले खेळणे माझ्या आईच्या घागरीवर चढवले गेले होते. "आईला आता खेळणी दाखवायची का?" एवढे बोलून मी मोबाइल बंद केला.

पहिले काही दिवस माझ्या बाजूने मुद्दे भराभर सुचत गेले. तिकडे खरबुजे मिळत नाहीत असे थोडेच आहे? बारा महिने मिळतात. दोन डॉलर वाचवले की बाजारात जाण्याचे कष्ट वाचवले? मेलेल्या माणसाला आपण देतो ते त्याला पोचते की नाही हे कोणालाच माहीत नाही, म्हणून तर देणाऱ्याने अधिक काटेकोर राहिले पाहिजे. जिवंत माणूस खोट्याला खोटे म्हणून परत करू शकतो; मेलेला करू शकत नाही. ज्याला तक्रार करता येत नाही त्याला बनावट वस्तू देणे ही फसवणुकीतली सर्वांत हलकी फसवणूक होय. हा मुद्दा मला फार आवडला होता. मी तो वहीत लिहूनही ठेवला.

वही उघडलीच होती, म्हणून शेजारची पाने चाळली. त्यांत माझ्या पुढच्या कादंबरीची टिपणे होती. तिच्यातली विधवा, तिचा दीर, तिचे शेत, शेताचा सातबारा, सगळे मी जन्माला घातलेले. मी वीस वर्षे खोटी माणसे बनवून लोकांना रडवत आलो आणि त्याबद्दल शाली-नारळ घेत आलो. अशा माणसाने एका पोरीच्या खोट्या भोपळ्यावर एवढे तापावे, हे मला थोडे चमत्कारिक वाटले. थोडेच, कारण लेखकाला आपल्या धंद्यातले खोटे नेहमी वेगळे वाटते.

पण एकदा ती फट पडल्यावर माझ्या मुद्द्यांत वारा शिरू लागला. आमचे जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध. इथल्या सराफ्यातले सोने कसाला उतरते, या ख्यातीवर दूरदूरची माणसे लग्नाचे दागिने घ्यायला इथे येतात. याच गावात दसऱ्याला सराफापासून हमालापर्यंत सर्वजण एकमेकांच्या हातावर आपट्याची पाने ठेवतात आणि सोने घ्या म्हणतात. कोणी कसोटीचा दगड काढत नाही. पूजेत गणपती कोण असतो? सुपारी. नवग्रह? नऊ सुपाऱ्या. वस्त्र नसले की अक्षता, अलंकार नसला की अक्षता. भटजी तोंडाने अलंकार म्हणतात, हाताने तांदूळ टाकतात, आणि यजमान डोळे मिटून हात जोडतो. नवरात्रात बोकडाच्या जागी कोहळा उभा चिरतात, त्याला हळदकुंकू लावतात. जीव वाचावा म्हणून कोणा दयाळू माणसाने हे सोंग काढले असेल. फळाचे सोंग आहे म्हणून त्याला कोणी हसत नाही.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी एका वाईट सालात वडिलांना बैलजोडी विकावी लागली. त्या वर्षी पोळ्याला आईने कुंभाराकडून मातीचे बैल आणले. त्यांच्या शिंगांना तिने बेगड लावला, पाठीवर लोकरीची झूल घातली आणि पुरणपोळी त्यांच्या मातीच्या तोंडाला लावली. वडील दारात उभे राहून पाहत होते. पूजा झाल्यावर त्यांनी खाली वाकून त्या टीचभर बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, जसा ते खऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवत, वशिंडापासून शेपटाकडे. तो हात मी विसरलेलो नाही. तिथे कोण कोणाला फसवत होते?

मग विचार आला, मी जे ठेवले ते डांगर तरी कितपत खरे होते? आईचे माहेर धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. तिच्या लहानपणी नदीच्या वाळूत आळी करून डांगरांची वाडी लावत. ती सांगे की फळ पिकले की वास काठावर येई. आता नद्यांतली वाळू ट्रकांतून शहरांत गेली, इमारती झाली. मी घागरीवर ठेवलेले डांगर शेतात वाढले होते; खाली काळ्याचंदेरी प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्याला भोके पाडून रोप लावलेले, रोप संकरित बियाण्याच्या पाकिटातले, पाणी ठिबकच्या नळीतून. ठिबकच्या उद्योगाने ज्या गावाचे नाव देशभर झाले, त्या गावचा मी माणूस. मला त्या प्लास्टिकबद्दल तक्रार नाही, त्याने पाणी वाचते आणि शेतकरी तगतो. आमच्या केळीची रोपेसुद्धा आता प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांत, पेशींपासून वाढवतात. तेव्हा "नैसर्गिक" हा शब्द उच्चारताना मला जरा इकडेतिकडे पाहून घ्यावे लागते.

भोपळ्याचीही चौकशी केली. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रोटाच्या जेवणात चण्याची डाळ घालून केलेली गंगाफळाची भाजी असते. ती नसली तर सण झाल्यासारखे वाटत नाही. हे आमचे इतके मुरलेले फळ मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीज आले त्यानंतरच्या काळात ते आपल्याकडे पोचले. म्हणजे ज्या भोपळ्याला मी परका म्हणून हिणवत होतो, तो त्याच्या घरी होता. पाहुणा आमच्याच ताटात होता. आणि तिकडच्या त्या सणात तरी भोपळा कुठे मूळचा? तो सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. ख्रिस्ती धर्माच्या पंचांगात १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. आपल्या वसईत आणि गोव्यात त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्याच्याही आधी त्या बेटांवर सुगी संपून हिवाळा लागण्याच्या त्या रात्री मृतांचे आणि जिवंतांचे दार किलकिले होते असे मानत. तिथले लोक सलगम नावाचा, आपल्या मुळ्याच्या गोत्रातला गोल कंद पोखरून त्यात निखारा ठेवीत. जॅक नावाच्या कंजुषाने सैतानाला फसवले, म्हणून त्याला स्वर्गातही जागा नाही आणि नरकातही नाही. तो सलगमात निखारा घेऊन भटकतो, अशी त्यामागची कथा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश माणसे लाखांनी अमेरिकेत गेली. तिथे सलगमाहून मोठा, पोखरायला सोपा भोपळा सापडला. सलगमाच्या जागी भोपळा आला, भोपळ्याच्या जागी आता फेसाचा गोळा.

आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात असे एक कोरलेले सलगम आहे. सुकून सुरकुतलेला, दात विचकणारा चेहरा. १९४३ साली एका शाळेतल्या बाईंनी ते दिले होते. ते ठिसूळ होऊन भुगा होण्याच्या बेतात आले, म्हणून त्याचा प्लास्टरचा ठसा घेऊन ठेवला आहे. म्हणजे संग्रहालयातही खोटेच. पण ती बाई माझ्या व्यवसायातली, म्हणून तिच्याविषयी मला आपुलकी वाटली. एक सलगम जपून ठेवावे असे तिला वाटले. शाळामास्तरांना असले काहीतरी वाटतच असते. माझ्या कपाटातही विद्यार्थ्यांनी केलेले तीन मातीचे बैल आहेत.

एवढे सारे कळूनही मी भावाला फोन केला नाही. वाचन करून राग जात नाही. वाचन केल्याने रागाला फार तर अधिक चांगली भाषा मिळते.

शेवटी माझी बायको कंटाळली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, तो भोपळा कोणी केला, माहीत आहे का तुम्हांला?"

"छोटीने."

"छोटीने आणि आईंनी."

मग तिने सांगितले. गेल्या ऑक्टोबरात, आई अंथरुणाला खिळण्यापूर्वी, एका शनिवारी छोटी तिकडून मोबाइलवर आली होती. बायकोने मोबाइल उशीला टेकवून आईपुढे ठेवला. पोरगी हातात तो गोळा घेऊन बसलेली, समोर डिंक, कागद, रंग. आईने विचारले, "काय करी राह्यनी वं बेटा?" आईची अहिराणी आणि नातीचे इंग्रजाळलेले मराठी, पण त्या दोघींचे अडत नसे. पोरीने सांगितले की भुते येतात, त्यांना घाबरवायला भोपळ्यावर भयंकर तोंड काढायचे आहे. आई म्हणाली, येणारी आपलीच माणसे असतील तर त्यांना भीती कशाला घालायची? पाणी ठेव. तोंड काढायचेच असेल तर बाईचे काढ.

पुढचा तासभर आईने इथून सांगितले आणि तिने तिथे केले. डोळे नको काढू, कुंकू लाव. डाळ आहे का घरात? ओळीने चिकटव, डांगराला जशा रेघा असतात तशी. आता नथ. आमच्याकडे कानबाई म्हणजे नारळच; त्याला नथ घालतात, डोळे लावतात, दागिने चढवतात, आणि त्या नारळाची देवी होते. आईने चाळीस-पन्नास वर्षे घरची कानबाई सजवली होती. तेच हात आता हजारो कोसांवरच्या एका नऊ वर्षांच्या पोरीच्या बोटांनी चालत होते. मधूनच आईने तिला म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन जाडजूड होते आणि भोपळ्यात बसून वाघाच्या समोरून निघून येते.

"मी कुठे होतो तेव्हा?" मी विचारले.

"वरच्या खोलीत. कादंबरीची मुद्रिते तपासत होता. आईंनी दोनदा हाक मारली तुम्हांला, बघायला या म्हणून. तुम्ही म्हणालात, आलो."

आणि आखाजीचे? आखाजीच्या आदल्या दिवशी भावाने दुकानातून खरबूज आणून ठेवले होते. चांगले, पिकलेले. पण छोटीने हट्ट धरला की कलशावर तिचाच भोपळा ठेवायचा. तिचे म्हणणे, खरबुजाच्या आत आजीला बसायला जागा नाही, ते बियांनी भरलेले असते. आजी येणार ती भोपळ्यातूनच. भावाला रडू आले असावे. त्याने ते बायकोला सांगितले नाही, तिने ते ओळखले. खरबूज त्यांनी कलशाच्या शेजारी ठेवले होते. पडद्यावर ते मला दिसले नाही, किंवा मी पाहिले नाही.

फार वर्षांपूर्वी धुळ्याला एका वृद्ध शास्त्रीबुवांकडून मी मीमांसेतली एक गोष्ट ऐकली होती. यज्ञातले एखादे द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे घ्यावे, असे शास्त्रच सांगते. सोमवल्ली न मिळाली तर पूतिका नावाची वेल. त्याला प्रतिनिधी म्हणतात. मात्र प्रत्येक गोष्टीला प्रतिनिधी चालत नाही. ज्या देवतेला द्यायचे तिच्या जागी दुसरी देवता घेता येत नाही. आणि ज्याने यज्ञ करायचा त्या यजमानाच्या जागीही दुसरा माणूस चालत नाही. त्या वेळी मला हे याज्ञिकांचे कीस काढणे वाटले होते.

आता मी माझी आखाजी तपासून पाहिली. घागर कुंभाराच्या घरची, खरी. पाणी खरे. डांगर खरे, निदान पाकिटावर लिहिल्याइतके खरे; मुलाने मोटारसायकलवरून जाऊन नाक्यावरच्या गाडीवरून आणलेले. सांजोऱ्या बायकोने केल्या. मांडे शेजारच्या बाईंकडून करवून घेतले, कारण खापरावर मांडे टाकणारे हात घरात आईचेच होते. आगारी टाकताना मी आईचे नाव घेतले आणि त्याच वेळी पाहुण्यांना वाढायला किती पाने होतील याचा हिशेब करीत होतो. साऱ्या वस्तू अस्सल होत्या. यजमान तेवढा बदली होता. तिकडे कलश बदली, आंबे बदली, डांगर तर पुरतेच बदली. फक्त ज्या दोघींची ती देवघेव होती त्या दोघी आपापल्या जागी होत्या.

याचा अर्थ कुठलीही नक्कल चालेल, असा माझा दावा नाही. भेसळीचे तूप तूप म्हणून विकणारा आणि मुलामा दिलेले पितळ सोने म्हणून गळ्यात मारणारा, यांना आपट्याच्या पानाच्या रांगेत बसवता येणार नाही. त्यांचे खोटे लपवावे लागते; कळले की संपते. आपट्याचे पान कळूनही टिकते, किंबहुना दोघांनाही कळलेले असल्यामुळेच टिकते. पण ज्यात फसवणूक नाही आणि ज्याच्यामागे कोणी उभेही नाही, अशी एक तिसरी जात आहे, आणि मला हल्ली तिचीच काळजी वाटते. आमच्याकडच्या काही शाळांत आता ३१ ऑक्टोबरला मुलांना काळ्या टोप्या घालून, पुठ्ठ्याचे भोपळे हातात देऊन छायाचित्रे काढतात. परका सण म्हणून मी नाक मुरडत नाही. परके गंगाफळ आम्ही पचवलेच की. पण त्या भोपळ्यामागे कोण आहे, असे मी ओळखीच्या एका मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मिसने दिला." मी हसणार होतो. मग स्वतःच्या वर्गात विचारले की धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून का ठेवतात. चाळीसांपैकी दोघांना सांगता आले की तो यमासाठी. दिवाळीतच पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून चुडी पेटवण्याची, उल्कादानाची चाल होती, हे तर एकालाही ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही ते अलीकडेच कळले. मुलांचे आकाशकंदील मात्र फार सुरेख होते.

एक शंका माझ्या मनात अजून आहे, आणि ती मी भावापाशीही बोललो. घागरीवरचे डांगर दुसऱ्या दिवशी कापून खातात. यंदाचे आमचे फिके निघाले. आई असती तर म्हणाली असती, साखर टाका. घागरीतले पाणी आम्ही पाऊस पडेपर्यंत प्यालो. म्हणजे जे दिले ते संपले. संपते म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागते, आणि पुन्हा द्यायचे असते म्हणून पुन्हा आठवावे लागते. फेसाचा भोपळा नासत नाही. नदीत सोडावा तर तरंगत राहील. महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली ती काही उगाच नव्हे. कधीच न संपणारी वस्तू आपण खरोखर देतो का, की नुसती दाखवतो? भावाजवळ याचे उत्तर नव्हते. तो म्हणाला, "दादा, डाळ गळायला लागलीय रे. छोटी दर आठवड्याला नवी चिकटवते."

आमचे बोलणे आषाढात सुरू झाले. मी फोन केला तेव्हा तिकडे पहाट होती हे माझ्या लक्षात राहिले नाही. तो घाबरून उठला. पौषातला माझा फोनही त्याला असाच अवेळी गेला होता. "काय झालं?" त्याने विचारले. काही झाले नाही, असे सांगायला मला बराच वेळ लागला.

परवा छोटीच मोबाइलवर आली. ऑक्टोबर जवळ येतो आहे. तिच्या गल्लीतल्या सर्व घरांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडले जातील. तिचा भोपळा यंदाही बाहेर ठेवावा अशी तिची इच्छा आहे. पण तिची आई म्हणते, एकदा घागरीवर बसलेली वस्तू देवघरातली झाली, ती रस्त्यावर मांडू नये. बाप म्हणतो, मोठ्या बाबांना विचार. तिने विचारले.

मी जरा विचार केला. देवघरात ठेवली तर धूळ बसेल. बाहेर ठेवली तर निदान येणारीजाणारी पोरे पाहतील, कोणी विचारील की याला नथ का आहे.

"ठेव बाहेर," मी म्हटले. "शेजारी पाण्याचा तांब्याही ठेव. पण नथ काढून आत ठेव. पोरं ओढतील."

कानबाईच्या वेळी आई आम्हांला हेच सांगून चौरंगापासून हाकलत असे. पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. पडदा हलला, तिने भोपळा जवळ घेतला असावा.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "नथ निघत नाही. आजीने खूप डिंक लावायला सांगितला होता."